ब्राँझच्या पाटीवरचे नवरे

डनबी गावाला बायकांच्या आइस हॉकीची थोर परंपरा आहे, हे गावाला त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरात कळलं. म्हणजे परंपरा होती आधीपासूनच, पण कळायला मुहूर्त लागतो. बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये घ्यायचं ठरलं होतं. तेवढं ऐकून शेजारच्या गावाने आपल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, 'आमच्या आद्य महिला खेळाडू' अशी पाटी ठोकली आणि इकडे डनबीच्या रिंक कमिटीच्या पोटात दुखायला लागलं. त्यांच्याकडे आद्य महिला आहेत आणि आपल्याकडे नाहीत म्हणजे काय? शोधा! कुठेतरी असतीलच.

खरं तर शोधायचीही गरज नव्हती. आर्डिथ पेल्की रिंकपासून तीन घरं सोडून राहत होती. वय वर्षं सदुसष्ट, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, तोंड मात्र शाबूत. छप्पन्न साली पेपर मिलमधल्या कामगारांच्या नऊ बायकांनी जो संघ काढला आणि जिल्ह्याचा कप आणला, त्या संघात ती डावीकडून खेळायची. त्या एका हिवाळ्यात तिने एकतीस गोल केले होते. पण कमिटीने तिला काही विचारलं नाही. कमिटी वाचनालयात गेली. जिवंत माणसाला विचारण्यापेक्षा जुन्या पेपरात बघणं जास्त शास्त्रशुद्ध असतं.

कमिटीचा अध्यक्ष लॉइड बीमिश. छप्पन्न साली हाच लॉइड रिंकचा व्यवस्थापक होता. बायकांना रविवारी दुपारी चार ते पाच असा तासभर बर्फ मिळायचा आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना लॉइड दिवे घालवायचा. खेळ कुठे आलाय, पकची रबरी चकती कुणाच्या स्टिकवर आहे, असल्या क्षुल्लक गोष्टींत तो कधी पडला नाही. आता त्याच लॉइडने स्थानिक रेडिओवर सांगितलं, "आम्ही सुरुवातीपासून महिला हॉकीच्या पाठीशी उभे आहोत."

"होतास की," स्वयंपाकघरातल्या रेडिओला आर्डिथ म्हणाली. "बटणावर हात ठेवून."

तरीही तिला बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि स्वतःपेक्षा जास्त तिला हेल्वीसाठी बरं वाटलं होतं.

हेल्वी, माहेरची लेहतो, त्या संघाची गोलकीपर. पाच फूट उंची, मूठभर वजन, आणि जाळ्यासमोर उभी राहिली की भिंत. नवरा रॉय स्टब्ज मिलमध्ये मुकादम होता. बायको हॉकी खेळते याचं त्याला फार काही वाटत नसे, जोवर रविवारचं जेवण वेळेवर मिळे तोवर. कपचा अंतिम सामना ज्या रविवारी ऐन जेवणाच्या वेळी होता, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने हेल्वीची स्टिक तोडून चुलीत घातली आणि तिच्यामागोमाग दोन्ही पॅड. पॅड जळायला वेळ लागला म्हणे. घरभर चामड्याचा वास. हेल्वीने रविवारी उसनी स्टिक घेतली, नडग्यांना मेल-ऑर्डरच्या दुकानाचे दोन जाडजूड कॅटलॉग जुन्या मोज्यांनी बांधले आणि गोलमध्ये उभी राहिली. दोन-एकने जिंकल्या. सामना संपला तेव्हा डाव्या पायावरचा कॅटलॉग बायकांच्या टोप्यांच्या पानापर्यंत फाटला होता. हेल्वीच्या गालावरचा जुना डाग पक लागून झालेला नव्हता, हे संघातल्या बाकीच्या आठही जणींना ठाऊक होतं आणि आठही जणी गप्प बसल्या होत्या. त्याची आर्डिथला आजही लाज वाटते.

एप्रिलमध्ये हेल्वी एक सुटकेस घेऊन गाव सोडून गेली. स्टेशनवर सोडायला आर्डिथ गेली होती, दुसरं कुणी नाही. नंतर अडतीस वर्षांत हेल्वी एकदाही डनबीत आली नाही. दूर दक्षिणेला एका इस्पितळाच्या धोबीखान्यात तिने जन्म काढला. नाताळला दोघींची पत्रं जायची यायची, बस.

नऊ जणींपैकी आता तिघी उरल्या होत्या, आणि तिसरीला अंथरुणातून उठता येत नव्हतं. पाटीची बातमी कळताच आर्डिथने हेल्वीला फोन लावला.

"तू येच. डनबीची रीत विसरलीस का? नवी पाटी लागली की जुना गोलकीपर जाळ्यात उभा राहतो आणि कप्तान त्याच्यावर पहिला फटका मारतो. तू उभी राहायचंस."

"मला तिथे आता कोण ओळखतंय?" हेल्वी म्हणाली.

"न ओळखायला काय झालं? ब्राँझमध्ये नाव कोरतायत तुझं. मी सांगते ना!"

मग हेल्वी म्हणाली, "तू सांगतेस म्हणून येते हां आर्डिथ. नाहीतर त्या गावाचं तोंड मी बघितलं नसतं."

झालं. शब्द देऊन बसली आर्डिथ.

समारंभ जानेवारीत, शनिवारी दुपारी दोन वाजता. शुक्रवारी सकाळी आर्डिथचा नवरा विल्फ कॉफीच्या दुकानातून परत आला तो छाती दोन इंच फुगवून. टोपीसुद्धा काढली नाही त्याने.

"लोकांनी माझं अभिनंदन केलं," तो म्हणाला. "दुकानदाराने डोनट फुकट दिला."

"का? दाढी केलीस म्हणून?"

"पाटी आली आहे. रिंकच्या दारात लावलीय, बघून आलो मी. विल्फ पेल्की, डावी बाजू, एकतीस गोल."

आर्डिथच्या हातातला बटाटा तसाच राहिला. विल्फने आयुष्यात बर्फावर केलेली एकमेव कामगिरी म्हणजे चर्चच्या पायऱ्यांवरून घसरून मोडून घेतलेलं कोपर. स्केट्स त्याने पायात कधी घातलेच नव्हते.

"आणि तू तो डोनट खाल्लास?"

"नाही कसा म्हणणार? ते एवढ्या प्रेमाने देत होते." विल्फ खुर्चीत बसला आणि जरा विचार करून म्हणाला, "तसं बघितलं तर जर्सीवर आडनाव माझंच होतं ना?"

"बोल, बोल अजून. एकतीस गोलांत सतरावा कोणता होता तेही आठवेल आता तुला."

कोट चढवून ती तशीच रिंकवर गेली. पाटी खरोखर देखणी होती. वर दोन स्टिकांची फुली, खाली 'डनबीच्या आद्य महिला खेळाडू' आणि त्याखाली नऊ नावं. नऊच्या नऊ बाप्ये.

लॉइड ऑफिसात भाषण पाठ करत होता. "आर्डिथ! पाहिलीस पाटी? कशी वाटली?"

"छान आहे. यातल्या बायका कुठल्या तेवढं दाखव."

लॉइडने समजूतदारपणे मान हलवली. अडाण्याला समजावताना हलवतात तशी. झालं होतं ते असं. छप्पन्न साली डनबीच्या पेपरात लग्न झालेल्या बाईला स्वतःचं नाव नसायचं. मिसेस विल्फ पेल्कीने तीन गोल केले, मिसेस रॉय स्टब्जने जाळं उत्तम राखलं, आणि खाली मिसेस अमक्यातमक्याच्या सफरचंदाच्या पायची कृती. कमिटीने ती नावं इमानेइतबारे उतरवून घेतली. आणि मग कमिटीतल्या कुणाला तरी जाग आली.

"आता जमाना बदललाय," लॉइड म्हणाला. "बाईला कुणाची मिसेस म्हणणं अपमानकारक आहे. म्हणून आम्ही सगळीकडून मिसेस काढून टाकलं. ठराव एकमताने पास झाला. मीच मांडला होता."

"मिसेस काढलंत आणि नवरा ठेवलात."

"तसं का म्हणतेस? मिस्टरही लावलेलं नाहीये कुठे. अगदी समान वागणूक."

आर्डिथने दाराबाहेरच्या पाटीकडे बोट केलं. "अरे लॉइड, माझं नाव तुला माहीत आहे. आत्ता मला आर्डिथ म्हणून हाक मारलीस तू! मग पाटीवर विल्फ कसा आला?"

"तोंडी माहिती वेगळी आणि कागदोपत्री वेगळी. आम्हाला कागदावर जावं लागतं." त्याने घसा साफ केला. "आणि हे ब्राँझ आहे, पेन्सिलीने लिहिलेलं नाही. एप्रिलच्या बैठकीत विषय घेऊ. तोवर शेजारी एक छापील कागद चिकटवता येईल, 'वाचकांनी योग्य तो बोध घ्यावा' वगैरे."

"आणि गोलकीपर म्हणून कोण?"

"रॉय स्टब्ज! बघ, हयात असलेल्यांना शोधून निमंत्रणं पाठवली आम्ही. फोनच्या पुस्तकात सापडला. तीस मैलांवर राहतो. फार भारावला, गं. पहिला फटका झेलायला जाळ्यात उभा राहायचं मान्य केलंय त्याने. नवा ब्लेझर शिवलाय म्हणाला."

आर्डिथ खुर्चीत बसली. "त्याला कळलं नाही, की हे आपण नाही?"

"म्हणाला, घरात हॉकी होती खरी."

होतीच. चुलीत. पण हे बोलण्यात काही हशील नव्हतं. लॉइडला त्या चुलीबद्दल माहीत होतं, सगळ्या मिलला माहीत होतं. पण ती माहिती तोंडी होती.

आर्डिथने घरी जाऊन हेल्वीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. हेल्वी सकाळीच बसमध्ये बसली होती. मधे एका गावी मुक्काम करून शनिवारी बाराला पोचणार होती.

शनिवारी बसथांब्यावर आर्डिथ अर्धा तास आधी जाऊन उभी राहिली. तिने ठरवलं होतं, हेल्वीला घरी न्यायचं, सूप पाजायचं, समारंभ रद्द झाला म्हणून थाप मारायची आणि परत बसवून द्यायचं. आयुष्यभर खरं बोलून काय मोठे दिवे लावले होते? पण बसमधून ती चिमुकली म्हातारी उतरली, डोक्याला निळी लोकरी टोपी, तोच हनुवटी पुढे काढायचा ढंग, आणि आर्डिथला एकदम रडूच फुटलं.

"मेलं कोण?" हेल्वीने विचारलं.

"कुणी नाही. मेले असते तर बरं झालं असतं." आणि तिथेच, थंडीत, तिने सगळं सांगून टाकलं. पाटी, मिसेस, ठराव, ब्लेझर. "मी तुला शब्द दिला होता गं. माझ्या शब्दावर आलीस तू. आणि तुझ्या जागी त्याचं नाव. त्याचं! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय."

हेल्वीने सगळं ऐकून घेतलं. हातमोजा काढला, नाक पुसलं, हातमोजा पुन्हा घातला.

"म्हणजे रॉय अजून मेला नाही."

"ठणठणीत आहे."

"आणि जाळ्यात उभा राहणार आहे."

"चल, आपण घरी जाऊ. वाटाण्याचं सूप केलंय मी."

"परतीची बस कितीला असते?"

"साडेचारला," आर्डिथ कसंबसं म्हणाली.

"मग वेळ आहे," हेल्वी म्हणाली आणि रिंकच्या दिशेने चालायला लागली. सूप राहिलं तसंच.

रिंक खच्चून भरलं होतं. आता डनबीत एकशेसाठ मुली हॉकी खेळतात. त्यांच्यासाठी वेगळी लीग आहे, संध्याकाळचे तास आहेत, सहा वर्षांच्या पोरीपासून सगळ्यांना खरेखुरे पॅड आहेत. त्या सगळ्याजणी जर्सी घालून कठड्याला लागून उभ्या होत्या. आर्डिथ त्यांचे पॅड मोजत राहिली, तोवर लॉइड माइकपाशी आला.

लॉइड बोलला. महिला हॉकी, समान संधी, कमिटीची दूरदृष्टी. दूरदृष्टीवर बराच वेळ गेला. मग त्याने एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. जे हयात नव्हते त्यांच्यासाठी टाळ्या, जे होते त्यांनी बर्फावर टाकलेल्या लाल गालिच्यावर यायचं.

"विल्फ पेल्की! डावी बाजू! एकतीस गोल!"

विल्फ निम्मा उठला. आर्डिथने त्याच्याकडे नुसतं बघितलं. विल्फ बसला. "तू जा," तो पुटपुटला, "तुझेच आहेत ते." चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे त्याच्याकडून वदवून घ्यायला ब्राँझची पाटी लागली. आर्डिथ गालिच्यावर जाऊन उभी राहिली. विल्फ पेल्की म्हणून बाई आलेली बघून मुलींमध्ये खसखस पिकली. लॉइडने कागद उलटसुलट केला आणि पुढचं नाव घेतलं.

"आणि आपले गोलकीपर, रॉय स्टब्ज! पहिला फटका झेलणार आहेत!"

रॉय आला. ऐंशीला टेकलेला, पण ताठ, बिस्किटी रंगाचा ब्लेझर, हातात कमिटीने दिलेली गोलकीपरची नवीकोरी स्टिक. ती त्याने उलटी धरली होती. गर्दीकडे हात हलवत तो जाळ्यात जाऊन उभा राहिला, लग्नाच्या फोटोला उभं राहतात तसा. अठरा वर्षांखालच्या मुलींची कप्तान शॉना पक घेऊन वीस पावलांवर थांबली. तिने त्या स्टिककडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

तेवढ्यात कठड्याचं दार उघडलं आणि हेल्वी बर्फावर उतरली. गालिच्यावरून नाही, सरळ बर्फावरून, रबरी बुटांनी, छोटी छोटी पावलं टाकत. आर्डिथ धरायला धावली तर तिचा हात झटकून पुढे गेली.

"बाई, बर्फावर येऊ नका," लॉइड माइकवरून म्हणाला. मग त्याने तिला ओळखलं, आणि माइकवर नुसताच खरखर आवाज आला.

हेल्वी जाळ्यासमोर जाऊन थांबली. रॉयच्या खांद्याच्याही खाली येत होती ती.

"हेल्वी?" रॉय म्हणाला. हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, विसरल्यासारखं.

"सरक."

"लोक बघतायत. तमाशा करू नकोस."

"बघू देत. सरक."

रॉयने आवाज खाली केला. आर्डिथ चार पावलांवर होती, तिला तो आवाज ऐकू आला, अडतीस वर्षांपूर्वीचाच. "मुकाट्याने आपल्या जागेवर जा."

"जागेवरच आलेय," हेल्वी म्हणाली. "काठी दे ती."

तो देईना. लॉइड वर बघत होता, छताकडे. सगळी कमिटीच छताकडे बघत होती, जणू तिथूनच काही ठराव खाली येणार होता. आर्डिथच्या मनात आलं, आता पुन्हा सगळे गप्प बसणार. आणि तिचं तिलाही कळायच्या आत ती ओरडली, "ती गोलकीपर होती! स्टिक याने जाळली होती तिची! हा उभाच नव्हता कधी!"

मग टक् असा आवाज आला. शॉनाने आपली स्टिक बर्फावर आपटली होती. खेळाडू खेळाडूला मान देतात तो असाच, टाळ्या वाजवून नाही. टक्, टक्. कठड्याला लागून उभ्या असलेल्या मुलींनी बघितलं आणि त्यांनीही सुरू केलं. एकशेसाठ स्टिका. फळकुटं हादरायला लागली. रॉयने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या बाजूने एकही आवाज नव्हता. हेल्वीने हात पुढे केला आणि त्याच्या हातातून स्टिक काढून घेतली, आणि तो सरकला. ब्लेझरचं बटण लावत लावत गालिच्यावरून गेला, दारातून बाहेर, आणि थांबला नाही.

हेल्वीने स्टिक सरळ केली. गुडघे वाकवले. सत्तरीची बाई, पण अशी काही बसली पायांत, की मघापासून चुळबुळणारी बारकी गोलकीपर पोर पुढे वाकून बघायला लागली.

शॉनाने पक हलकेच ढकलला. हेल्वीने तो बुटाने थांबवला आणि परत पाठवला.

"केक वाढतेस का पाहुण्यांना?" ती म्हणाली. "मार."

शॉनाने आर्डिथकडे पाहिलं. "मिसेस पेल्की, मारू?"

"तिला विचार. मी कोण सांगणार?"

"मार म्हणते ना!" हेल्वी खेकसली.

शॉनाने मारला. पक बर्फावरून सरसरत आला आणि हेल्वीच्या डाव्या नडगीवर बसला. ना पॅड, ना कॅटलॉग. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. आर्डिथने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हेल्वी उभी होती, ओठ दाबून, डोळ्यांत पाणी, आणि पक जाळ्याच्या बाहेर पडला होता.

मग जो गलका झाला, त्यात लॉइडला एकदम आपली दूरदृष्टी आठवली. तो तुरुतुरु गालिच्यावरून आला, भाषणाचा कागद उलटा केला, पेन काढलं.

"एप्रिलची वाट बघायला नको, मी आत्ताच टिपून घेतो. संपूर्ण नाव?"

"हेल्वी लेहतो."

त्याने लिहिलं. अक्षर नीट काढलं. मग पेन थांबवून अगदी आदराने विचारलं, "पुढे काय लावायचं? मिस की मिसेस?"

"गोलकीपर," हेल्वी म्हणाली, आणि नडगी चोळायला खाली बसली.